वीसपैकी दोन

“धाकटी?” मुख्याध्यापकांनी चष्मा कपाळावर चढवला. “बाई, तुमची तब्येत बरी आहे ना?”

शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. माझा आवाज मैदानावरचा, तो खोलीत आल्यावर मला बारीक करता येत नाही. मी या शाळेत खेळ शिकवतो. मुलं मला सर म्हणतात, मोठी माणसं मास्तर म्हणतात आणि परीक्षा जवळ आली की माझा तास कोणीही येऊन मागून नेतं.

विषय होता विशेष वर्गाचा. दर वर्षी शहरातल्या सगळ्या शाळांमधून काही हुशार मुलं निवडतात आणि त्यांना दर शनिवारी दुपारी कॉलेजात शिकवतात. तिथे प्रयोगशाळा आहे, मोठं वाचनालय आहे आणि ‘हे पुढच्या इयत्तेत शिकशील, आता गप्प बस’ असं न म्हणणारे शिक्षक आहेत. प्रत्येक शाळेने पाचवीतली दोन नावं द्यायची, मग त्यांची परीक्षा. आमचं पहिलं नाव दर वर्षी ठरलेलं असतं. पहिला नंबर, मोत्यासारखं अक्षर, परवानगीशिवाय शिंकणारसुद्धा नाही असं लेकरू. दुसरं नाव दुसऱ्या नंबराचं. दोन मिनिटांत बैठक संपते आणि चहा येतो. या वर्षी चहा आला होता, निवत होता, आणि बाई म्हणत होत्या, “दुसरं नाव धाकटीचं.”

धाकटी म्हणजे जुळ्यांपैकी मुलगी. तिचा भाऊ तिच्याआधी थोडा वेळ जगात आला, तेवढ्या भांडवलावर तो घरात दादा झाला आणि ती धाकटी. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसायची दोघं. ती त्याला दादा म्हणायची म्हणून वर्ग म्हणायला लागला, आणि वर्ग म्हणतो म्हणून आम्हीही. माझ्या पट्ट्याएवढ्या उंचीच्या पोराला मी रोज मैदानात ओरडून “दादा, बूट बांध!” असं सांगत असे.

“परवाच्या चाचणीत तिला किती पडले, सांगू?” मुख्याध्यापकांनी आवाज चढवला. “वीसपैकी दोन!”

“म्हणूनच,” बाई म्हणाल्या.

आता या बाईंबद्दल सांगायला हवं. पाचवीचा वर्ग त्यांच्याकडे इतकी वर्षं होता, की त्यांच्या पहिल्या विद्यार्थ्यांची मुलं आता त्यांच्याकडे होती. अंगाने स्थूल, बोलायला फटकळ, पर्समध्ये कंगवा नसला तरी खडू असणारच. शाळेत त्यांचं नाव होतं शनिवारच्या बाई. शनिवारी शाळा अर्ध्या दिवसाची. आम्ही सगळे घंटा झाली की पिंजऱ्यातून सुटल्यासारखे पळायचो, आणि या चार-सहा पोरं घेऊन वर्गातच बसायच्या. त्यांचा मुलगा परगावी नोकरीला. त्याला सुट्टी शनिवारी, त्यामुळे तो फोन करायचा शनिवारी दुपारी, आणि बाईंचा फोन वाजत राहायचा पर्समध्ये, खडूंच्या शेजारी. त्या वर्गात गुण नव्हते, नंबर नव्हते, पुस्तकही नव्हतं. तिथे काय चालतं ते आम्हाला कधी नीट कळलं नाही. कळून घ्यावंसंही वाटलं नाही, हे खरं. “बाईंना घरी करमत नाही,” एवढं म्हणून आम्ही मोकळे. विशेष वर्गासाठी त्यांनी आजवर कितीदा तरी भलतीच नावं सुचवली होती आणि प्रत्येक वेळी दुसरा नंबरच गेला होता. तो निवडला मात्र एकदाही गेला नव्हता. पहिलाही नाही.

“चाचणी चूक की बरोबर अशी होती,” बाई सांगू लागल्या. “वीस वाक्यं. ज्याला शष्प येत नाही त्याने डोळे मिटून ठोकून दिलं तरी नऊ-दहा बरोबर येतात. हिला दोन आली. अठरा चुकली. अठरा चुकवायला अठरा यावी लागतात, सर.”

मुख्याध्यापक मूळचे गणिताचे, त्यांना ते लगेच कळलं, आणि कळलं म्हणूनच आवडलं नाही.

“दादाची कॉपी केली असेल. त्यालाही तीनच आहेत.”

“दादा एक ओळ चुकला. पहिल्याचं उत्तर दुसऱ्यासमोर, दुसऱ्याचं तिसऱ्यासमोर. मीही घाईत वाक्यं जवळजवळ एक आड एक चूक-बरोबर काढली होती, म्हणून बिचाऱ्याची सगळीच गेली. पण हिची दोन बरोबर आहेत ती त्याच्या तिनांतली नाहीत, वेगळीच आहेत. कॉपी करणाऱ्याचं असं होत नाही.” बाईंनी थंड चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “गेले काही आठवडे बघतेय. प्रश्नपत्रिका मिळाली की ही नुसती बसून राहते. दादाने पेन खाली ठेवलं की त्याच्या कागदावर नजर टाकते, आणि मग हिचं लिहिणं सुरू. त्याला सोळा तर हिला पंधरा. त्याला अकरा तर हिला दहा. तिच्या पातळीचं मोजमाप तीच करते, आपण फक्त लाल पेन फिरवतो.”

“बाई, काहीतरीच,” मी म्हणालो. “साधी मुलगी आहे हो ती. पळण्यातसुद्धा दादाच्या मागेच असते.”

“कायम?”

“कायम. एक पाऊल मागे.”

“आणि दादा दमला असला तर?”

“तरी मागेच. मागे एकदा त्याचा पाय मुरगळला होता, तेव्हा तो लंगडत पोहोचला आणि ही त्याच्या...”

माझं वाक्य तिथेच अडलं. धडधाकट मुलगी लंगड्या मुलाच्या मागून आली होती आणि मी दोघांसाठी टाळ्या वाजवल्या होत्या. बहिणीची माया म्हणून डोळेही पुसले होते.

या वेळी बाई हसल्या, एकट्याच.

मुख्याध्यापक काही वाईट माणूस नव्हते. थोडा वेळ टेबलावर बोटं वाजवून ते म्हणाले, “समजा असेल तसं. पण ती परीक्षेतही कोरा कागद ठेवून आली तर? दुसऱ्या कोणाची तरी संधी जाईल. तिने स्वतः येऊन मला सांगावं, की मी पूर्ण लिहीन. मग देतो नाव.”

म्हणजे आता सगळं त्या मुलीवर आलं. आणि मुलगी तर आपण हुशार आहोत हे कबूल करायलाच तयार नव्हती.

बाईंनी थेट विचारलं असतं तर तिने कानांवर हात ठेवले असते. बाईंनी जुळ्यांना दोघांनाही शनिवारी थांबवून घेतलं. दादा पंधरा मिनिटं कसाबसा बसला, मग चुळबुळ करून मैदानात माझ्याकडे पळाला. मी त्या दिवसापासून शनिवारी थांबायला लागलो होतो. कारण विचाराल तर फुटबॉलमधली हवा तपासायची होती. धाकटी वर्गातच राहिली, दादा खेळून येईपर्यंत थांबणं भाग होतं म्हणून.

पाण्याची बाटली घ्यायला मी आत आलो, तर बाई जमिनीवर फतकल मारून बसल्या होत्या. फरशीवर खडूने एक चौकट आखली होती, तीन फरश्या रुंद आणि पाच लांब. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणून धरलेली दोरी. दोरीचं एक टोक बाईंच्या हातात, दुसरं धाकटीच्या. प्रश्न असा होता, की दोरी किती फरश्यांवरून जाते. बाकीची पोरं रांगत मोजत होती. सात आल्या. मग चार बाय सहाची चौकट आखली. पोरांनी दहा म्हटलं, नऊ म्हटलं, मोजल्यावर आठच भरल्या.

“आता न मोजता कोण सांगेल, कितीही मोठी चौकट असली तरी?” बाई म्हणाल्या. “आधीच सांगते, मला येत नाही. खरंच येत नाही.”

पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. धाकटीने सवयीने शेजारी पाहिलं. शेजारी दादा नव्हता, कोणाचा कागद नव्हता, कोणाच्या खाली एक पायरी जाऊन बसायला तिथे पायरीच नव्हती. ती दोरीकडे बघत राहिली. तिच्या हातातलं टोक हळूहळू सैल पडलं.

“लांबी आणि रुंदी मिळवायची,” ती जमिनीशीच बोलल्यासारखी म्हणाली. “आणि दोरी जिथे बरोबर फरश्यांच्या कोपऱ्यातून जाते, तिथे एक फरशी वाचते. म्हणून तितके कोपरे वजा करायचे. शेवटचा कोपरापण धरायचा.”

बाईंनी तीन आणि पाच करून पाहिलं. चार आणि सहा करून पाहिलं. नवीन चौकटी आखल्या, पोरांकडून मोजून घेतल्या. बरोबर येत गेलं.

“पण बाई,” आता मुलीचा आवाज वर आला होता आणि गाल लाल झाले होते, “दोरी न लावता कसं ओळखायचं, की ती किती कोपऱ्यांतून जाणार? ते कळलं तर सगळंच कळेल! ते कळायला पाहिजे!”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांचा चेहरा असा पाहिला नव्हता. माणसाला हरवलेली वस्तू स्वतःच्या घरात सापडली की त्याचा होतो तसा.

पोरं गेल्यावर बाईंनी तिला थांबवलं. मी निघालो, तर म्हणाल्या, “बसा मास्तर, तुम्हीही तिचेच शिक्षक आहात.” हे मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मी बसलो.

“वीसपैकी दोन,” बाई एवढंच म्हणाल्या.

धाकटी आधी “मला येत नव्हतं” म्हणाली. मग एकदम तिचा बांध फुटला. “दादाला सांगू नका ना, बाई!”

हुंदके देत तिने सांगितलं ते एवढंसंच होतं. पहिलीत असताना तिला दादापेक्षा जास्त गुण पडले होते. घरी पाहुणे होते. बाबा लिफ्ट दुरुस्त करण्याच्या कामावरून नुकते आलेले, खुशीत होते, थट्टा करायची लहर आली. दादाला म्हणाले, “काय रे, आता तूच हिला ताई म्हण!” सगळे हसले. दादा पलंगाखाली जाऊन बसला आणि काही केल्या बाहेर येईना. दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. “त्याला ताई म्हणायला लागलं असतं, बाई,” ती म्हणाली. “तो मोठा आहे ना.”

एवढीशी पोर, आणि तेव्हापासून भावाचा मोठेपणा डोक्यावर घेऊन चालली होती. मी फुटबॉल या हातातून त्या हातात घेत राहिलो.

“तू त्याला जिंकवतेस, असं तुला वाटतं,” बाई तिचे डोळे पुसत म्हणाल्या. “पण त्याला कधी विचारलंस का, त्याला असं जिंकायचंय का? मी त्याला काही सांगणार नाही. सांगायचं की नाही, ते तू ठरव.”

सोमवारी माझ्या तासाला मी मुलांना पळवलं. नेहमीसारखा दादा पुढे, त्याच्या मागे एक पाऊल धाकटी. चुन्याची रेघ जवळ आली. मी बघत होतो. आणि तिने पाय मोकळे सोडले. दादाच्या बाजूने ती अशी निघून गेली, की शिटी वाजवायचीच मी विसरलो. रेघेच्या पलीकडे जाऊन ती वळली. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा मागमूस नव्हता, नुसती भीती होती.

दादा धापा टाकत तिच्यासमोर उभा राहिला. “तू... आधी मुद्दाम हळू पळायचीस?”

तिने मान डोलावली.

“कायम?”

तिने पुन्हा मान डोलावली.

“म्हणजे मी कधीच जिंकलो नव्हतो!” असं ओरडून तो पाण्याच्या टाकीमागे गेला. मी मागे गेलो, तर म्हणाला, “जा तुम्ही, सर.” मी गेलो. हरलेल्या माणसाला थोडा वेळ एकटं सोडावं, एवढं माझ्या धंद्याने मला शिकवलं आहे. पण हा काही एका शर्यतीचा प्रश्न नव्हता. पोराच्या कमाईतलं सगळं एका दुपारी गेलं होतं.

त्याने बाक बदलला. तिच्याशी बोलणं टाकलं. धाकटी मधल्या सुट्टीत बाईंकडे आली आणि म्हणाली, “मला नाही जायचं विशेष वर्गात. मी कोरा पेपर देईन.” झालं. मुख्याध्यापकांकडे नाव द्यायला शेवटचे काही दिवस उरले होते आणि बाईंनी हातातोंडाशी आलेला घास डोळ्यांदेखत परत जाताना पाहिला. त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही. मी म्हणालो, “बाई, मी दादाला चार शब्द सुनावू का?” त्या म्हणाल्या, “तो रडतोय त्यात त्याचं काय चुकलं? खबरदार!”

शनिवारी दादा आपण होऊन वर्गाच्या दारात उभा राहिला.

“बाई, पेपरातपण?”

“पेपरातही.”

“ते वीसपैकी दोन?”

“तेही.”

तो आत येऊन बाकावर बसला. पाय जमिनीला टेकत नव्हते, ते हलवत त्याने विचारलं, “म्हणजे माझे किती बरोबर आलेत ते मला कळायच्या आधी तिला कळायचं?”

“तपासायच्या आधी मलाही कळत नव्हतं,” बाई म्हणाल्या.

त्याला हसू आलं, ते त्याने गिळलं. नाक मनगटाला पुसलं. “ती हुशार असली तर असू दे ना. मी काय तिला खातोय? पण मला फसवायचं नाही. मला वाटायचं मी जोरात पळतो!” आवाज कापायला लागला, तो त्याने सावरला. “तिला म्हणावं, परीक्षेत जर असं काही केलंस, तर मी बोलणार नाही. कायमचं. आणि मी तिला ताईबिई म्हणणार नाही. कितीही गुण पडू देत.”

“अजिबात म्हणू नकोस,” बाई म्हणाल्या. “दादा तूच. ते काय परीक्षेत मिळतं का?”

“आणि तुम्ही सांगू नका,” तो उठत म्हणाला. “मीच सांगतो.”

काय सांगितलं, कसं सांगितलं, ते आम्हाला कळलं नाही. सोमवारी धाकटी मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली आणि “मी पूर्ण लिहीन” एवढं म्हणून धावत बाहेर आली. मुख्याध्यापकांनी नाव लिहिलं. घरच्यांची परवानगी आणायला बाई स्वतः गेल्या. बाबा म्हणाले, “आमची धाकटी? बाई, तुम्हाला दादा म्हणायचंय का?” पाहुण्यांसमोरची ती थट्टा त्यांना आठवतही नसणार. बाईंनीही आठवण करून दिली नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो, कारण मला गोष्टी ताणून धरायला आवडत नाहीत. तिची निवड झाली. आमच्या शाळेतून गेलेली ती पहिली. मुख्याध्यापकांनी सगळ्या शाळेसमोर तिचं नाव पुकारलं, मग बाईंना पुढे बोलावलं आणि हात जोडले. मी इतक्या जोरात शिटी वाजवली, की लहान वर्गातली पोरं शाळा सुटली समजून दप्तरं उचलायला लागली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आमची इतक्या वर्षांची गत होती. पुढच्या वर्षीपासून नावं नंबरावरून ठरायची नाहीत, शनिवारच्या वर्गातून ठरायची, असं ठरलं. आता आमचे आणखी दोन शिक्षक शनिवारी थांबतात. मी थांबतोच. बाईंच्या मुलाला मी सांगून टाकलं आहे, की सुट्टी नसली तरी फोन रविवारी करत जा.

पण मला निकालापेक्षा परीक्षेचा दिवस जास्त आठवतो. कॉलेजच्या फाटकाबाहेर आम्ही तिघं उभे होतो. बाई, मी आणि दादा. दादाला कोणी बोलावलं नव्हतं. मुलं बाहेर येऊ लागली. आमचा पहिला नंबर आला आणि आईचा हात धरून गेला. धाकटी येईना. बाईंनी तीनदा चष्मा पुसला. सगळं मैदान रिकामं झाल्यावर ती आली, केस विस्कटलेले, बोटांना शाई.

“किती आली?” बाईंच्या आधी दादानेच विचारलं.

तिने त्याच्याकडे पाहिलं. जुन्या सवयीने ती त्याचा चेहरा वाचू लागली, आणि तो म्हणाला, “ए, खरं सांग.”

“शेवटचं एक सोडून सगळी.”

“ते मुद्दाम सोडलंस?”

“नाही रे दादा,” ती म्हणाली आणि तिचा चेहरा उजळून निघाला. “खरंच नाही आलं! किती वेळ बसले. नाहीच आलं!”

बाई मोठ्याने हसल्या, हसता हसता रडल्या. त्यांनी प्रश्नपत्रिका हातात घेतली, तो शेवटचा प्रश्न वाचला, पुन्हा वाचला. “मलाही येत नाही ग,” त्या म्हणाल्या.

“मग कोणाला येतं?” दादाने विचारलं.

“आत शिकवतात त्यांना येत असेल,” बाई इमारतीकडे बघत म्हणाल्या. “आता तेच शिकवतील तिला.” त्यांनी कागदाची नीट घडी घालून तिच्या हातात दिली. शनिवारी दुपारी ती पोर आता आपल्या वर्गात नसणार, हे त्यांना तेव्हाच कळलं असावं.

आम्ही घरी निघालो. जुळी पुढे, त्या प्रश्नावरून भांडत. दादा काहीतरी ठोकून देत होता आणि ती “चूक! चूक!” म्हणून ओरडत होती. बाईंचे गुडघे दुखायला लागले होते, त्या मागे पडत होत्या आणि मी त्यांच्याबरोबर. वळणावर धाकटीने मागे पाहिलं. आम्ही फार मागे राहिलो असं बघून तिची पावलं मंदावली.

“थांबू नकोस!” बाई रस्त्यातूनच ओरडल्या, माझ्यापेक्षाही मोठ्या आवाजात. “माझ्यासाठी थांबलीस तर बघ! चल पुढे!”

ती पळत सुटली.